करंगळीला जागा नाही

लहान पिस्तूल बाळगायला सगळ्यांत सोपं आणि चालवायला सगळ्यांत अवघड असतं. ह्यूस्टनच्या पश्चिमेला एका रेंजवर मी शनिवार-रविवारी पिस्तूल शिकवतो. वर्गाला येणाऱ्या बहुतेक नवशिक्यांचा समज याच्या अगदी उलट असतो. येणारी माणसं साधी असतात. मेडिकल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या नर्स, गॅस स्टेशनच्या काउंटरवर एकट्याने उभे राहणारे, हायवेलगतची मोटेल चालवणारी जोडपी. त्यांत आता गुजराती, तेलुगू आणि मराठी चेहरेही दिसतात. बंदुकीचा शौक फारसा कुणाला नसतो. भीती असते, आणि ती खरी असते. मग दुकानात जाऊन ते काचेखालचं सर्वांत लहान पिस्तूल मागतात. खिशात मावेल, कुणाला दिसणार नाही आणि जड लागणार नाही, असं. तसं मिळतंही. नवख्या हाताला त्याचा नेम मात्र साधत नाही.

रूगरचं एलसीपी घ्या. २००८ साली ते आलं आणि अमेरिकेत खिशातल्या पिस्तुलांचा बाजार बदलून गेला. त्याआधी २००३ मध्ये फ्लॉरिडातल्या केल-टेकने पी-३एटी काढलं होतं. स्वीडनहून आलेल्या जॉर्ज केलग्रेनची ती रचना, आणि एलसीपीची जात तीच. रिकामं असताना वजन साधारण पावणेतीनशे ग्रॅम, नळी पावणेतीन इंचांची, काडतूस .३८० एसीपी, ज्याला इथे सगळे थ्री-एटी म्हणतात. कारागिरी म्हणून मला या वस्तूचं मनापासून कौतुक आहे. कोल्टच्या १९०८च्या पिस्तुलात याच काडतुसाचा जोर नुसत्या स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, वजनाने आणि ताठ स्प्रिंगने पेललेला होता, त्यामुळे ते जड झालं आणि त्याची स्लाइड ओढायलाही कठीण. नव्या रचनेत गोळी बाहेर पडेपर्यंत नळी स्लाइडला जखडलेली राहते आणि मग मागून खाली झुकून मोकळी होते. एवढ्या एका युक्तीने धातू किती वाचला ते दोन्ही पिस्तुलं शेजारी ठेवली की कळतं.

पण वजन जे काम करतं ते दुसरं काहीच करत नाही. सहाशे-सातशे ग्रॅमच्या पिस्तुलात बराचसा धक्का लोखंडातच मुरतो. पावणेतीनशे ग्रॅमच्या पिस्तुलात तो सरळ तळहातावर येतो. आणि तळहात तरी धड कुठे बसतो? मूठ इतकी आखूड की दोन बोटं जेमतेम मावतात, करंगळी खाली अधांतरी राहते. पकड खरी असते ती अनामिका आणि करंगळीची. विळा किंवा कुऱ्हाड ज्याने कधी चालवली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. त्यातली करंगळी सुटली की प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात फिरतं आणि पुन्हा नीट धरावं लागतं. त्यात साइट म्हणजे स्लाइडवरचा नुसता उंचवटा. मागची आणि पुढची साइट इतक्या जवळ असतात की डोळ्याला न जाणवणारी चूक कागदावर वीतभर होऊन उमटते.

टेक्सासच्या परवान्याच्या चाचणीत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या असतात आणि २५० पैकी १७५ गुण लागतात. ३ यार्डांवर सगळेच शूर असतात. १५ यार्डांवर लहान पिस्तुलाचं खरं रूप दिसतं. म्हणून बरेच जण रेंजवरचं भाड्याचं मोठं नाइन एमएम घेऊन चाचणी देतात, पास होतात आणि घरी जाताना खिशात लहान टाकतात. ज्या हाताला परवाना मिळाला त्या हाताची त्या पिस्तुलाशी ओळखच झालेली नसते. १ सप्टेंबर २०२१ पासून तर इथे २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक बाळगता येणाऱ्या माणसाला परवान्याची सक्ती उरलेली नाही, म्हणजे अनेकांच्या वाट्याला त्या ५० गोळ्यासुद्धा येत नाहीत. कायदा कसा असावा यावर माझ्या वर्गात दोन्ही मतांची माणसं बसतात. सराव नको असं म्हणणाऱ्याला मात्र मी शिकवत नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान बायकांचं होतं. दुकानदार त्यांच्यापुढे हमखास लहान, गुलाबी किंवा जांभळ्या मुठीचं पिस्तूल ठेवतो. नवराही मान डोलावतो. फार्मसीत काम करणाऱ्या एक मराठी बाई असंच पिस्तूल घेऊन आल्या होत्या.

"दादा, माझा हात लहान आहे, मला मोठं झेपणार नाही."

"वहिनी, आज दोन्ही चालवून बघा. ठरवू मग."

लहानाच्या पहिल्या मॅगझिननंतर त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला, आणि पुढच्या प्रत्येक गोळीआधी त्यांचे डोळे मिटू लागले. मग मी ग्लॉक १९ दिलं, वजनाने दुपटीहून जास्त. पहिल्या गोळीनंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुसरीनंतर पाहिलं नाही. कागदावरची भोकं एकमेकांजवळ येऊ लागली होती. लहान हाताला लहान पिस्तूल, हे गणित मुळात चुकीचं आहे. लहान हाताला जास्त आधार लागतो. त्यांनी शेवटी सिग सावरचं पी३६५ घेतलं. २०१८ साली आलेलं हे नाइन एमएम रिकामं असताना साधारण पाचशे ग्रॅमचं. मला विचाराल तर पातळ पिस्तुलांमध्ये हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत शहाणा मध्यममार्ग आहे.

काही जण पिस्तूल सोडून पाच गोळ्यांच्या छोट्या रिव्हॉल्वरकडे वळतात. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये चीफ्स स्पेशल आणलं, तिथपासून हा वंश चालत आला आहे. आजचं ६४२ चारशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्याचा घोडा आतच झाकलेला, त्यामुळे कापडात अडकायला बाहेर काही राहत नाही. कोटाच्या खिशातूनही ते पाचही गोळ्या झाडू शकतं. तिथे स्लाइडचं पिस्तूल पहिल्या गोळीनंतर कापडात गुंतण्याची भीती असते. पण चाप ओढायला पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो. म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या बारापट जोर एका बोटाने लावायचा आणि तरी शस्त्र हलू द्यायचं नाही. ज्याला हे जमतं त्याला कुठलंही पिस्तूल जमतं. पण हे जमेपर्यंत जो वेळ जातो तो द्यायची तयारी फार थोड्यांची असते.

थ्री-एटीला खेळणं म्हणणारे वर्गात दर वेळी एक-दोन असतातच. त्यांना मी दोन तारखा सांगतो. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर झाडलेलं ब्राउनिंग याच काडतुसाचं होतं. ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला हाउसच्या प्रार्थनासभेत गांधीजींवर झाडलेलं बेरेट्टाही याच काडतुसाचं. झाडणारा पुण्याचा होता. मराठी विद्यार्थी समोर असले की हे मी आवर्जून सांगतो, कारण खिशात लपणारं शस्त्र भ्यालेल्या माणसासाठी घडवलं गेलं तितकंच ते मारेकऱ्याच्याही कामी आलं आहे. हे न विसरता ते हातात घ्यावं.

तरीही आखूड नळीतल्या थ्री-एटीची मर्यादा खरी आहे. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. हल्लेखोराला लागलेली एक गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. त्यानंतर एफबीआयने गोळी चाचणीच्या जेलाटिनमध्ये १२ ते १८ इंच जावी असा निकष ठेवला. पोकळ टोकाची थ्री-एटी एक तर उमलते आणि उथळ थांबते, नाही तर न उमलताच खोल जाते. दोन्ही एकदम क्वचित साधतं. लोक या वादात तासन्‌तास घालवतात. आपल्या पिस्तुलात जी गोळी एकदाही न अडकता चालते ती घ्यावी, आणि ती मिळाली की सगळं लक्ष नेमाकडे द्यावं, असं माझं मत आहे.

खिशाकडे तर फारच थोडे लक्ष देतात. खिशातल्या पिस्तुलाला होल्स्टर लागतंच, आणि ते चाप पूर्ण झाकणारं हवं. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, रुमालसुद्धा नाही. कापडाचा भुगा आत जमतो, म्हणून न झाडताही ते नियमित उघडून पुसावं लागतं. बाहेर काढताना मूठ वळली की तिची रुंदी वाढते आणि खिशाच्या तोंडाशी अडकते. त्यासाठी अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर सपाट टेकवून हात वर घ्यायचा असतो. रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, आपल्याच रोजच्या पॅंटमधून हे घोटावं लागतं. गाडीत बसल्यावर, सीटबेल्ट लावल्यावर तो खिसा जवळजवळ बंदच होतो. या पद्धतीचा एक गुण मात्र दुसऱ्या कशात नाही. अंधाऱ्या पार्किंगमध्ये माणूस खिशात हात घालून उभा राहू शकतो आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. हात मुठीवर आधीच असतो, आणि बहुतेक वेळा तो रिकामाच बाहेर येतो.

पर्समध्ये ठेवू का, हा प्रश्न नेहमी येतो. ठेवू नका. पर्स खाली ठेवली जाते, हिसकावली जाते, नातवंडं तिच्यात चॉकलेट शोधतात. शस्त्र अंगावर असावं, नाही तर कुलुपात. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधल्या किलीनच्या ल्युबीज कॅफेटेरियात २३ माणसं मारली गेली. तिथून वाचलेल्या सुझाना हप यांचं रिव्हॉल्वर तेव्हाच्या कायद्यापायी बाहेर गाडीत होतं. त्यांचे आई-वडील दोघंही त्या दिवशी गेले. त्यांनी ठिकठिकाणी दिलेल्या साक्षींचा १९९५च्या परवाना कायद्यामागे मोठा वाटा आहे.

पण कायदा जिथे थांबवतो तिथे थांबायचंच. शाळेच्या इमारतीत नेता येत नाही, आणि आपल्या मंडळाचा गणेशोत्सव किंवा नाटक शाळेच्या सभागृहात असेल तर तोही त्यात आला. पोस्टातही चालत नाही. भारतात जाताना तर रेंजवर नेलेली बॅग विमानात नेऊच नका. तळाशी राहिलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर पोलीस केस व्हायला पुरेसं आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. खिशातलं पिस्तूल दिवसाचे बरेच तास खिशात नसतंच. पॅंट खुंटीवर असते, आपण झोपलेले असतो आणि घरात मुलं असतात. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. मूल लहान असेल तर आईबाप सावध असतात. सोळाव्या वर्षी ढिले पडतात, आणि ते वय मला जास्त काळजीचं वाटतं, कारण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणून घ्यायचं ठरलंच असेल तर आधी भाड्याने घेऊन एक पन्नासाचा बॉक्स चालवून बघा, पहिलं पिस्तूल खिशातलं घेऊ नका, आणि ते घरी आणण्याच्या आदल्या दिवशी भिंतीत पक्की बसवलेली, कुलुपाची पेटी आणा.