कडी

माझा आजा परळच्या गिरणीत होता. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो, म्हणून त्याच्या रात्रीच्या गोष्टी डोक्यात बसल्यात. १९६८ला मुंबईत रमण राघवची दहशत होती. आजा म्हणायचा, उकाड्यात गॅलरीत झोपणारी सगळी चाळ आत आली, दारांना कड्या लागल्या. अनोळखी भिकारी दिसला की लोक धरून बडवायचे.

पण तो मारत कुणाला होता? उपनगरातल्या फुटपाथवर, झोपडीत निजलेल्यांना. म्हणजे कड्या लावल्या दारवाल्यांनी, आणि मेले ते बिनदाराचे. राघवच्या नावावर २०१६ला सिनेमा आला. मेलेल्यांपैकी एक नाव सांगा, दोस्तहो.

आता वर्दीतला खून घ्या. ११ जुलै १९९७, घाटकोपर, रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला. लोक चिडून हायवेवर आले. राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, १० माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात जीव दिला. २००९ला गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप झाली, मग हायकोर्टातून जामीनही.

या वेळी शहरानं कडी लावली नाही. कशाला लावील? गोळी आपल्या दाराकडे येणार न्हाई, हे त्याला ठाऊक. हायवेवर गाड्या पुन्हा पळू लागल्या. बदलली ती वस्ती. दर ११ जुलैला तिथं माणसं जमतात, गेलेल्यांना आठवतात.

यंदा त्या दिवशीची पाळी मी बदलून घेतलीय.