बंदूक त्यांची, गुन्हा पारध्याचा



"दादा, शनिवारी हरणाला जायचंय. तुमीबी चला की."

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गातल्या एका पोराने असं विचारलं, आणि त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही विहारातून उठलो नाही. आम्ही म्हणजे येरवड्यातल्या एका वस्तीत अभ्यासवर्ग चालवणारे पाच कार्यकर्ते. पोरगा फासेपारधी समाजाचा, बावीस वर्षांचा, सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. वर्षावास सुरू होऊन आठवडा झाला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं रोजचं वाचन नुकतंच संपलं होतं आणि पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की तो काय म्हणाला हे आम्हाला दोनदा विचारावं लागलं.

बेत असा होता. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला एका बड्या बागायतदाराची जमीन आहे, त्याचा मुलगा पुण्यात राहतो. जीप त्याची, बंदूक त्याच्या मित्राची, दारू दोघांची. आमच्या पोराने सोबत जायचं, माग काढायचा आणि हरीण पडलं की सोलून द्यायचं. एका रात्रीचे तीन हजार रुपये. "पावसात लई सोपं असतंय," तो म्हणाला.

ते खरंच आहे. काळवीट मोकळ्या माळावर ताशी ऐंशी किलोमीटरने पळतं, त्याच्याकडे दुसरं हत्यारच नाही. पण काळ्या रानात चिखल झाला की त्याचे बारीक खूर रुततात. मग त्याला गावातली कुत्रीसुद्धा गाठतात. त्या भागातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे कळप बाहेर शेतात येणारच. कोवळी बाजरी, मूग खाल्ला की कोरडवाहू शेतकऱ्याचा जीव तुटतो, तेही खोटं नाही. पण हा बेत पीक वाचवण्याचा नव्हता. ही मौज होती.

खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघांना जायचं होतं. एक जण म्हणाला, "आपण मटण खातो, मग हरणावरच दया कशाला? २०१५ च्या कायद्याने ज्यांनी आपल्या ताटात हात घातला, त्यांचीच अहिंसा आपण का बोलायची?" दुसरा म्हणाला, "तो नाही गेला तर दुसरा कुणी जाईल. हरीण मरायचं ते मरेलच, याचे पैसे तेवढे बुडतील." दोन्ही मुद्दे साधे नव्हते. "कायद्याने बंदी आहे" एवढं म्हणून आम्ही सुटू शकत नव्हतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, शिक्षा तीन ते सात वर्षांची. हे त्या पोराला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

उत्तर समोरच्या ग्रंथातच होतं. बाबासाहेबांनी तथागतांची अहिंसा सांगताना तिला आंधळा नियम केलेलं नाही. जगण्यासाठी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा, असा फरक त्यांनी केला आहे. ही अहिंसा आपलं ताट तपासत नाही, आपली इच्छा तपासते. तेव्हा आम्ही विचारलं, या जीपमध्ये गरज कुणाची आहे आणि इच्छा कुणाची? बागायतदाराच्या मुलाला मांसाची गरज नाही. त्याला इच्छा आहे. आमच्या पोराला हरीण मारण्याची इच्छा नाही. पावसामुळे पंधरा दिवस स्लॅबचं काम बंद आहे, खोलीचं भाडं थकलंय, त्याला पैशांची गरज आहे. एकाची इच्छा पुरी करायला दुसऱ्याची गरज भाड्याने घ्यायची, मित्रांनो, या व्यवहाराला आपण जातिव्यवस्था म्हणतो.

आणि पकडले गेले तर? आमच्या विहारापासून चालत पंधरा मिनिटांवर येरवडा कारागृह आहे. १९३२ साली याच भिंतींच्या आत पुणे करार झाला, म्हणून आपल्याला ही भिंत नुसती भिंत वाटत नाही. हे कारागृह इंग्रजांनी बांधलं १८७१ मध्ये, आणि गुन्हेगार जमाती कायदाही त्यांनी १८७१ मध्येच आणला. त्या कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. सोलापुरात पारध्यांना, कैकाड्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, हजेरी लावली. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात ही हजेरी १९१८ मध्ये बंद केली, बाकी देशात ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला. हरणासाठी तो हवाच होता. पण ज्याचं पोट शिकारीवर होतं त्याला बदल्यात जमीन, शाळा, धंदा काय दिलं? माणूस गुन्हेगारीतून सुटला आणि त्याचा धंदा गुन्हा झाला.

उलट मोठ्या माणसाचं बघा. १९९८ मध्ये जोधपूरजवळ काळविटांची शिकार झाली. सलमान खानला शिक्षा व्हायला २०१८ चा एप्रिल उजाडला. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि दोन दिवसांत जामीन मिळाला. जामीन मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या पोराला दोन दिवसांत जामीन कोण देणार? पारधी म्हटल्यावर पंचनाम्याआधीच गुन्हा सिद्ध झालेला असतो.

त्या रात्री आम्ही ठरवलं. आम्ही जाणार नाही, आणि त्यालाही जाऊ नको असं सांगायचं. "सांगायचं" हा शब्द सोपा आहे. तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "ताई, तुमचं समदं खरं. पर भाड्याचं काय?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. पाच कार्यकर्ते, एक जण समाजशास्त्रात एम. ए., आणि तीन हजारांच्या प्रश्नापुढे मुके. शेवटी खिशातून दोन हजार चारशे निघाले. तो ते घेईना. "दान नको," म्हणाला. उसने म्हणून दिले, वहीत त्याच्याच हाताने लिहून घेतले, तेव्हा घेतले.

पावसातच त्याला सोडायला खोलीवर गेलो. आजी जागी होती. सगळं ऐकून म्हणाली, "आमी प्वाटासाठी धरत हुतो, लेकरा. फाशात गाभण हरणी घावली तर सोडून देत हुतो. दारू पिऊन कुनी हरीन मारतंय का?" पुढे आम्ही शोधलं, तर माधव गाडगीळांनीही फासेपारध्यांची ही रीत नोंदवलेली आहे. निग्रोधमृग जातकात गाभण हरिणीच्या जागी आपला जीव द्यायला तयार झालेला मृगराजा आपण विहारात मुलांना सांगतो. या आजीने ते जातक कधी ऐकलं नव्हतं. शील आपण शिकवणार आणि पारधी शिकणार, हा आमचा अहंकार त्या दारात गळून पडला.

शनिवारी जीप आली आणि त्याच्याशिवाय गेली. त्यांना हरीण मिळालं की नाही, हे आम्हाला कळलं नाही. उसने पैसे दिवाळीच्या आधी परत आले.

पण गोष्ट इथे संपवली तर ती आपलीच पाठ थोपटणं होईल. त्याला खरी अडचण आहे जातीच्या दाखल्याची. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, पण दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात. त्या तारखेला यांची माणसं एक तर कुंपणाआड होती, नाही तर पालावर. कागदावर नाव होतं ते बहुतेक वेळा पोलिसांच्या हजेरीत. ज्या सरकारने हजेरी घेतली त्यानेच आता रहिवास सिद्ध करा म्हणायचं, हा कुठला न्याय?

म्हणून त्या रात्रीनंतर आमच्या अभ्यासवर्गाचा एक दिवस दाखल्यांच्या कामाला जातो. पाचपैकी दोन अर्ज मार्गी लागले, तीन अडकलेत. मित्रांनो, आपल्या वस्तीशेजारी पारध्यांची चार घरं असतील तर या वर्षावासात तिथे जा. शील सांगायला जाऊ नका. फायली घेऊन जा. दुसऱ्याच्या जीपला नाही म्हणायचं बळ त्यातून येईल.

नमो बुद्धाय, जय भीम.