गाडी निघण्याआधी

११ जून, उधवा
भाताच्या पेरणीसाठी माणसं वीटभट्ट्यांवरून परतली आहेत. त्यातलीच एक पहिलटकरीण आज आली, आठवा महिना. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. दाब १७०/११२. पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टा बांधला, तेवढाच. लघवीत प्रोटीन. सासू म्हणाली, "भट्टीवरचं काही बाहेरचं लागलं असेल." आशाताईंनी तिचा हात धरला, "नाही आजी, बीपी चढलंय. झटका येऊ शकतो."

निफेडिपिन १० मिलिग्रॅम, पाण्याबरोबर गिळायला दिली. जिभेखाली मुळीच नाही. दाब एकदम कोसळला तर वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडतं. झटका टाळायला मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. मग गाडी.

१२ जून
रात्री नागपूरचा अभ्यास पुन्हा वाचला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती रुग्णालय, २०१५ ते २०१७. दाब १६०/११० च्या घरात किंवा वर गेलेल्या ८९४ गरोदर बाया, तीन औषधं, तिन्ही तोंडाने घ्यायची. सहा तासांत, काही अपाय न होता दाब आवाक्यात आला तो निफेडिपिनने ८४ टक्के जणींचा, लॅबेटालॉलने ७७, मिथाइलडोपाने ७६. मिथाइलडोपाला आपण संथ म्हणून बाजूला ठेवतो, पण एक ग्रॅमच्या एकाच मात्रेत तिनेही चारांतल्या तिघींना सावरलं! हे २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. शिरेतून द्यायचं इंजेक्शन आणि सतत लक्ष ठेवणारं माणूस जिथे नाही, अशा प्रत्येक केंद्राला विदर्भातल्या त्या बायांनी रस्ता दाखवला आहे. कपाटात तिन्हींपैकी एक तरी गोळी कायम हवीच.

१३ जून
तिला पाठवलं त्या रुग्णालयातून फोन आला. दाब १४८/९६, झटका नाही. बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइड सुरू केलंय. नातेवाईक विचारतात, "अजून नॉर्मल का नाही?" एवढाच हवा आहे, याहून खाली ओढायचा नाही. मूळ दुखणं वारेचं. बाळंतपण होईपर्यंत गोळी फक्त मेंदूतला रक्तस्राव रोखून धरते.

१५ जून
आशांच्या बैठकीला पाड्यावरचे भगतबाबाही आले. झटका आला तर आधी गाडी, अंगारा नंतर, हे त्यांनी सगळ्यांसमोर मान्य केलं. मला फार बरं वाटलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी दाब पुन्हा चढतो, आणि नेमकी तेव्हाच बाई घरी असते. म्हणून त्या दिवसांत घरी जाऊन पट्टा बांधायचा. माहेरी गेली असेल तर तिथल्या आशाला आजच फोन.