महूची वाट आणि मोतीचे टाके

इंदूरच्या मराठी माणसाचे महूला जाणे बहुधा तीन निमित्तांनी घडते. पावसाळ्यात पाताळपाणीचा धबधबा पाहावयास, 14 एप्रिलला डॉ. आंबेडकरांच्या जन्मस्थानी वंदन करावयास, किंवा लष्करात असलेल्या एखाद्या आप्ताच्या घरी पाहुणचारास. 2024 च्या श्रावणात आम्हां उभयतांना चौथे निमित्त मिळाले आणि महिन्याभरात चार वेळा ती वाट चालावी लागली. आमच्या आत्याबाईंच्या मोती नावाच्या कुत्र्याच्या डाव्या कुशीवर आवळ्याएवढी गाठ आली होती, आणि महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ती दाखवावी असे ठरले होते.

राजेंद्रनगर सोडले की शहर मागे पडू लागते. राऊ ओलांडल्यावर जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याच्या दोहों बाजूंस सोयाबीनची हिरवी शेते लागतात. माळव्याची काळी माती श्रावणात इतकी तृप्त दिसते, की डोळ्यांना थंडावा वाटावा. इंदूरपासून महू अवघे 23 किलोमीटर. महू हे गाव आधीचे असले तरी त्याचे नाव झाले ते छावणीमुळे. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, आणि त्यानंतर इंग्रजांनी येथे आपले लष्कर आणून ठेवले. खंडव्याहून इंदूरला येणाऱ्या लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली एक कोटी रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारास दिले, तो मार्गही महूवरूनच आला. याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी 1891 साली भीमराव जन्मले. 2003 साली गावाला त्यांचे नाव देण्यात आले, तरी बोलण्यात अजून 'महू' हेच येते.

पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 सालचे. आवारात कडुनिंबाची सावली आणि त्या सावलीत नाना तऱ्हेचे रोगी. एका बाजूस पाय सुजलेला बैल व त्याचा मालक असलेला माळवी शेतकरी, दुसऱ्या बाजूस ओढणीत बकरीचे करडू गुंडाळून बसलेली मुलगी, पलीकडे एक म्हैस आणि तिच्याभोवती सारे कुटुंब. माणसांच्या रुग्णालयात जी एक प्रकारची लपवाछपवी असते ती येथे नाही. जो तो आपल्या जनावराचे दुखणे शेजाऱ्यास मोकळेपणाने सांगतो. आत्याबाई तेथे बसल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच बकरीवाल्या मुलीच्या आजी झाल्या.

मोती हा नऊ वर्षांचा, तांबूस रंगाचा, कोणत्याही वंशावळीत नोंद नसलेला कुत्रा. आमचे काका गेले त्या वर्षी आत्याबाईंनी तो पिलू असताना घरी आणला. घरात दोन मते होती. वय झालेल्या जनावराला कशाला कापायचे, असे काहींचे म्हणणे. आत्याबाई स्वतः 78 वर्षांच्या. त्या गप्प होत्या, आणि त्यांचे गप्प राहणेच आम्हांला अधिक बोलके वाटले. डॉक्टरांनी बारीक सुईने गाठीतील पेशी काढून काचेवर घेतल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि सांगितले की ही मास्ट पेशींची गाठ आहे. कुत्र्यांच्या त्वचेवर होणाऱ्या घातक गाठींत हीच सर्वांत अधिक आढळते. तिच्या पेशींत हिस्टामिन साठलेले असते. त्यामुळे ती चोळली, दाबली तर सुजते, भोवती लाली येते, आणि ते द्रव्य रक्तात मिसळले तर जठरातील आम्ल वाढून उलट्याही होतात. गाठ आज मोठी, उद्या लहान, असे दिसते ते याच कारणाने, आणि लहान झाली म्हणून बरी झाली असे समजू नये. "वयासाठी शस्त्रक्रिया टाळायची नसते, माताजी," डॉक्टर म्हणाले. "काळीज, मूत्रपिंड, रक्त तपासून घेऊ. ते ठीक असेल तर वय हा रोग नव्हे." हे वाक्य आत्याबाईंनी परतीच्या वाटेवर दोनदा उच्चारले.

दुसऱ्या फेरीस शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी रविवार नसतानाही पाताळपाणीकडे जाणाऱ्या तरुणांच्या मोटारसायकली वाटेवर गात-ओरडत चालल्या होत्या, आणि आमच्या गाडीत कोणी बोलत नव्हते. मोती आत गेल्यावर कडुनिंबाखाली साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार भेटले. महूतच नोकरी संपली, महूतच घर बांधले, आणि आता त्यांची म्हातारी अल्सेशियन कुत्री उपचारासाठी आणली होती. मराठी कानावर पडताच ते सरकून जवळ बसले. "आक्का, आमच्या माहुलीला कुत्र्याची समाधी आहे," ते म्हणाले. साताऱ्याच्या शाहू महाराजांना शिकारीत वाघापासून सावध करणाऱ्या कुत्र्याची ती समाधी, संगम माहुलीला कृष्णाकाठी. ही कथा त्यांनी रंगवून सांगितली, आणि दीड तास कसा गेला ते कळले नाही.

मोती बाहेर आला तेव्हा आवळ्याएवढ्या गाठीच्या जागी वीतभर लांब शिवण पाहून आत्याबाई दचकल्या. शिकाऊ डॉक्टर मुलीने कागदावर आकृती काढून समजावले. या गाठीची मुळे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून भोवतालची दोन-तीन सेंटीमीटर निरोगी त्वचा आणि खालचा एक थरही काढावा लागतो, आणि गोल जखम नीट जुळत नाही म्हणून ती लांबट करून शिवतात. काढलेला भाग तपासणीस पाठवला जातो. कडा निर्मळ आहेत की नाहीत, हे त्यावरून ठरते.

यापुढचे काम मात्र घरचे होते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यासाठी ते थोडे विस्ताराने सांगतो. भूल पुरती उतरेपर्यंत अन्न द्यावयाचे नाही. मग थोडे पाणी, आणि रात्री पचेल एवढाच भात. पलंगावर किंवा जिन्यावर चढू द्यायचे नाही. जमिनीवरच स्वच्छ, धुतलेली गोधडी घालावी. चौदा दिवस आंघोळ नाही, धावणे नाही, फक्त दोरीला धरून अंगणातल्या अंगणात फिरणे. दुखण्यावरचे औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलेच. आपल्या घरातील गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याच्या जठरास आणि मूत्रपिंडास घातक ठरतात. आत्याबाईंनी हळदीची वाटी तयार ठेवली होती. परंतु शिवलेली जखम कोरडी राहिली पाहिजे, लेप तिच्यावर नको, असे त्या मुलीने विनयाने सांगितले होते. वाटी परत डब्यात गेली.

खरा प्रश्न जिभेचा. कुत्रा जखम चाटून बरी करतो हा आपल्याकडील समज जुना आहे. टाके घातलेल्या जखमेस मात्र तीच जीभ वैरीण होते, टाके उसवतात आणि जखम पिकते. त्यासाठी गळ्याभोवती प्लास्टिकचा पसरट शंकू बांधतात. पहिल्या रात्री मोती त्या शंकूसकट दाराच्या चौकटीवर, तुळशीवृंदावनावर, आमच्या पोटऱ्यांवर आदळत राहिला आणि कोणाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी हवालदारसाहेबांनी सांगितलेली युक्ती आत्याबाईंनी अमलात आणली. नातवाच्या जुन्या सुती बनियनला मागे शेपटीसाठी जागा ठेवून पाठीवर दोन बंद शिवले. शंकू रात्री, बनियन दिवसा कोणाच्या तरी नजरेखाली. श्रावणातल्या माश्यांपासूनही त्या बनियनने जखम राखली. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली तर अळ्या होण्यास वेळ लागत नाही.

पाचव्या दिवशी शिवणीच्या खालच्या टोकाशी मऊसा फुगवटा दिसला. आत्याबाई रात्रभर त्याच्या उशाशी बसून होत्या. सकाळी महूची तिसरी फेरी. त्वचेखाली पाणी साठले होते. लाली नाही, दुर्गंधी नाही, ताप नाही, जेवण ठीक. तेव्हा हात न लावता ते जिरू द्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले. पू, रक्त, उघडलेला टाका, काळी विष्ठा किंवा सतत उलट्या दिसल्या तर मात्र त्याच दिवशी यावे. आठवड्यात फुगवटा ओसरला.

चौदाव्या दिवशी टाके काढले आणि तपासणीचा कागदही हाती आला. गाठ मंद प्रकृतीची होती, ही चांगली गोष्ट. कडा तीन बाजूंनी निर्मळ होत्या. पोटाकडील बाजूस मात्र गाठ आणि कापलेली कड यांमध्ये निरोगी त्वचेची अवघी दोन मिलिमीटरची पट्टी होती. पुन्हा शस्त्रक्रिया करता येईल, किंवा लक्ष ठेवता येईल, डॉक्टर म्हणाले. या प्रकृतीच्या गाठीत आपण लक्ष ठेवू. दर महिन्याला घरी सर्वांग चाचपावे आणि तीन महिन्यांनी येथे आणावे.

आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला. "डॉक्टर, हा मला पुरेल, की मी याला?"

डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. "माताजी, ते या कागदात लिहिलेले नसते. डिसेंबरात याला घेऊन या, एवढे मी सांगतो."

गाडी राऊजवळ आली तेव्हा त्या आम्हांला म्हणाल्या, "आणि मी नसले तर कोण आणील?" घरी पोहोचल्यावर आम्ही कालनिर्णयाच्या डिसेंबरच्या पानावर, आमच्या हस्ताक्षरात, आमच्या खोलीच्या भिंतीवर, 'मोती – महू' असे लिहिले. आत्याबाईंनी ते येऊन वाचले आणि काही न बोलता गेल्या. वर्षभराची चिंता एका नोंदीने मिटत नाही, पण ती वाटून घेता येते, हे आम्हांला त्या दिवशी उमजले. महिन्याची तपासणी त्यांनी एकादशीस जोडली. स्नान झाले की मोतीला पुढ्यात घेऊन कानामागून शेपटीपर्यंत दोन्ही हात फिरवावयाचे, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या सोडावयाच्या नाहीत, आणि वाटाण्याएवढे काही लागले तरी जागा लिहून ठेवावयाची.

डिसेंबरची तारीख 6 आली. त्या दिवशी महूला डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनानिमित्त जन्मभूमीच्या स्मारकाकडे माणसे रांगेने चालली होती, हातांत फुले आणि मेणबत्त्या. आमची गाडी हळूहळू त्या गर्दीच्या कडेने गेली. रुग्णालयात डॉक्टरांनी मोतीला दहा मिनिटे चाचपले. नवीन गाठ नव्हती. जुन्या शिवणीवर केस उगवले होते.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. होळकरांचे कुलदैवत तेच आमचेही, आणि खंडोबाच्या सोबतीचा म्हणून कुत्र्याला नैवेद्य देण्याची आमच्या घरची रीत आहे. वांग्याच्या भरितातील कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, म्हणून आत्याबाईंनी ते बाजूला ठेवले आणि बाजरीचा रोडगा तेवढा मोडून मोतीपुढे धरला. मार्चच्या पानावरची तारीख तोवर त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती.