कडी आतून

दुपारी दोन ते चार रेवदंड्यात कुणी कुणाकडे जात नाही. बाजार उठलेला असतो, कोळणींच्या टोपल्या धुऊन पालथ्या पडलेल्या असतात, सुपारीच्या वाड्यांतून तेवढा पंपाचा आवाज येत राहतो. माझा दवाखानाही या वेळात बंद. पण आठवड्यातून दोन दिवस मी मागचं दार लोटून ठेवते. सव्वादोनच्या सुमारास एक मुलगी येते, माझ्याकडे बघून किंचित मान हलवते, तपासणीच्या खोलीत जाते आणि आतून कडी लावते. मी बाहेर टेबलाशी केसपेपर लावत बसते. वीस मिनिटं.

त्या खोलीला पूर्वी आतून कडी नव्हती. मी सुताराला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुम्ही तर आतच असणार, मग कडी कुणासाठी?" खरं उत्तर द्यायला मला जमलं नाही. ती कडी बसवण्याची गरज आहे हे कळायलाच मला अकरा वर्षं लागली होती.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. सव्वीस वर्षं इथेच. बाळंतपणं, पाळीच्या तक्रारी, पाळी जाण्याच्या तक्रारी, हे सगळं बायका सरळ सांगतात. संबंधाच्या वेळी दुखतं, हे मात्र सांगत नाहीत. त्याला वैद्यकात 'डिस्परुनिया' असं जडजंबाल नाव आहे. आमच्या बायकांकडे नावच नाही. म्हणून ते दुसऱ्याच कुठल्यातरी दुखण्याच्या पदराखाली येतं. कंबर धरते. अंगावरून पांढरं जातं. लघवीला आग होते. दोन वर्षं झाली, मूल राहत नाही. आणि पुष्कळदा ते येतं सगळं संपल्यावर, पाय चपलेत सरकवताना, माझ्याकडे पाठ करून: "बाई, हे जवळ आले की मना सहन होत नाही." त्या क्षणी मी कितीही घाईत असले तरी पेन खाली ठेवते आणि म्हणते, चपला काढ, परत बस.

गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 बायकांची तपासणी केली होती. 1989 साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. मी शिकत असताना हे आकडे परीक्षेपुरते पाठ केले. त्यातल्या आठ या आकड्याचा अर्थ मला इथे आल्यावर लागला. तपासणी न झालेल्या बाकीच्या बायांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच नाही. विचारलं असतं तर सांगायचं कुठल्या शब्दात, हाही प्रश्नच होता.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक मुलगी मला विसरता येत नाही. बावीस वर्षांची, लग्नाला आठ महिने, सोबत सासू. तपासायला हात लावला तशा तिच्या मांड्या मिटल्या, ती टेबलावर मागे मागे सरकत डोक्याकडच्या भिंतीला जाऊन टेकली. मी म्हणाले, "सैल सोड गं, एवढं काय त्यात, सगळ्याच करून घेतात." आणि मी जोर लावून तपासणी पूर्ण केली. आत काही दोष नव्हता. बाहेर येऊन सासूला मी सांगितलं, सगळं नॉर्मल आहे. सासूने मान वळवून सुनेकडे जे बघितलं, त्यात निकाल लागला होता: म्हणजे हिचीच नाटकं. मुलगी परत कधी आली नाही. तिचं दुखणं खरं होतं, त्याला नाव होतं, उपचार होता. मी तिला त्या दिवशी आणखी एकदा दुखवून, खोटी ठरवून घरी पाठवलं.

आता मी पहिल्या भेटीत बहुधा तपासतच नाही. विचारते. कुठे दुखतं, हा या कामातला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत घाई करायची नाही. तोंडाशीच दुखतं की खोल आत? पहिल्या रात्रीपासून की मधल्या काळात सुरू झालं? आग होते, चिरल्यासारखं होतं, की ठणका लागतो? पाळीतही असंच दुखतं का? शौचाला बसताना? दुखणं फक्त तेव्हाच, की नंतर दिवसभर राहतं? बाईचं बोट कागदावरच्या चित्रावर जिथे टेकतं, तिथून उपचाराची वाट सुरू होते.

तोंडाशी आग होणाऱ्यांत पहिल्या येतात कोरडेपणाच्या. पाळी गेलेली पन्नाशीतली बाई आणि अंगावर पाजणारी पंचविशीतली आई, या दोघींचं दुखणं एकच असतं हे कळल्यावर दोघींनाही नवल वाटतं. दोघींच्या अंगात इस्ट्रोजेन उतरलेलं असतं, आतलं अस्तर पातळ आणि रुक्ष झालेलं असतं. पाजणाऱ्या आईला बहुतेकदा धीर आणि वंगण पुरतं. पाजणं कमी झालं, पाळी परतली की अस्तरही परततं. पाळी गेलेलीचं आपोआप परतत नाही. तिला मी इस्ट्रिऑलची मलम आत लावायला देते, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे जातात, तोवर सोडायची नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. "या वयात हे शोभतं का" असं मनात धरून आलेली एक बाई तीन महिन्यांनी मला म्हणाली, लघवीची आगही गेली. तीही त्याच अस्तराची होती.

वंगणाचं म्हणाल तर आमच्याकडे खोबरेल घराघरात. नुसतं चालतं, पुष्कळजणींना मानवतं. पण निरोध वापरत असाल तर तेल नको, तेलाने रबर कमकुवत होऊन फाटतं. तिथे पाण्यात विरघळणारी जेलच हवी. हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी बोलत असेन.

मग जंतुसंसर्ग. त्याचं औषध नेमकं द्यावं लागतं, आणि ट्रायकोमोनाससारखा असेल तर नवऱ्यालाही द्यावं लागतं, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. बाळंतपणातला टाका कधी घट्ट भरून येतो, तिथे बोट टेकवलं की बाई दचकते. अशा व्रणाला तेल लावून अंगठ्याने हळू मालीश शिकवली की बहुतेक तो मऊ होतो. क्वचितच शस्त्रक्रिया लागते. आणि एक आजार फार निसटतो. बाहेरची त्वचा पतंगाच्या कागदासारखी पांढरी, पातळ होते, चिरते, खाज सुटते. बाई कित्येक वर्षं बुरशीची मलम लावत राहते. तो लायकेन स्क्लेरोसस असतो, त्याला स्टिरॉइडची तीव्र मलम लागते आणि पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, कारण थोड्याजणींत तिथे कर्करोग होऊ शकतो. बघितल्याशिवाय हे कळत नाही. चिठ्ठीवर मलम लिहून देणाऱ्याला तर कधीच नाही.

खोल आत दुखणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पाळीत गडाबडा लोळणारी, रजा घेणारी, शौचालाही कळ येणारी मुलगी असेल तर माझ्या मनात आधी एंडोमेट्रिओसिस येतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर रुजलेला असतो. पाळीत दुखायचंच, या एका वाक्यामुळे निदानाला वर्षांमागून वर्षं जातात. डायनोजेस्टसारख्या गोळ्यांनी पुष्कळींना आराम पडतो, काहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते, त्यासाठी मुंबई. अलिबागपर्यंत 17-18 किलोमीटर, पुढे मांडवा, तिथून लाँच, आणि पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद. जून लागला की मी अशांना विचारते, पाऊस संपेपर्यंत काढशील का.

आणि "पिशवी काढून टाका बाई, एकदाचं" म्हणणाऱ्या. हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. दुखणं दाराशी असताना गर्भाशय काढून काय होणार? आणि सोबत बीजकोश काढले तर चाळिशीच्या आतच पाळी गेल्यासारखी अवस्था होते, कोरडेपणा वाढतो, दुखणं दुप्पट. पिशवी काढण्याची खरी कारणं आहेत, मी स्वतः ती शस्त्रक्रिया करते. पण कुठे दुखतं हे नीट न विचारता केलेली शस्त्रक्रिया माझ्या लेखी अपराधच आहे. लेझरने योनी तरुण करून देतो अशा जाहिराती आता मोबाइलवर इथपर्यंत पोचतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्येच अशा दाव्यांबद्दल इशारा दिला, त्यात भाजणं, व्रण आणि कायमचं दुखणं यांचा उल्लेख होता. पैसे साठवून विचारायला आलेल्या बाईला मी तो इशारा वाचून दाखवते.

आता स्नायूंचं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. भीतीने, आधीच्या दुखण्याने, कधी काहीच कारण न सापडता, ती आपोआप आवळते. बाई मुद्दाम करत नाही. तिला थांबवताही येत नाही. "आत भिंत आहे" असं या मुली म्हणतात. इथल्या आगरकोट किल्ल्याच्या तटात वाढलेली मुलगी भिंत म्हणते तेव्हा तिला हातभर जाडीचा चिराच अभिप्रेत असतो. पण मला हे सर्वांत नीट समजावलं ते थेरोंड्याच्या एका कोळीणमावशींनी. आपल्या सुनेला घेऊन आल्या होत्या. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तिसरीसारखं झालं गो. बोट लावलं की मिटते. विळीने उघडाल तर कवच फुटतं. खाऱ्या पाण्यात निवांत ठेवा, आपसूक तोंड उघडते." मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगते.

या दुखण्याला 'व्हजायनिस्मस' हे नाव दिलं ते अमेरिकेच्या जे. मॅरियन सिम्सने, 1860 च्या दशकात. त्याच्याच नावाचं स्पेक्युलम माझ्या ट्रेमध्ये रोज उकळून निघतं. ते उपकरण घडवण्याच्या काळात, 1840 च्या दशकात, त्याने ॲलाबामात गुलाम बायकांवर शस्त्रक्रिया केल्या, भूल न देता, पुन्हा पुन्हा. तिघींची नावं उरली आहेत: ॲनार्का, बेट्सी, लूसी. त्यांच्या 'नाही'ला काही किंमत नव्हती. ते पातं हातात घेताना मला त्या आठवतात. उपकरण मी टाकून देऊ शकत नाही, लागतंच. पण ते पुढे करण्याआधी मी बाईला सांगते, तू थांबा म्हणालीस की मी थांबणार. आणि ती पहिल्यांदा म्हणते ती नुसती परीक्षा घ्यायला. तेव्हा खरोखर थांबावं लागतं, हात पूर्ण बाहेर, हातमोजा काढून. माझ्या हातांना शिकवायला सर्वांत कठीण गेलं ते हे थांबणं. टाका घालणं, मूल फिरवणं, रक्त थांबवणं लवकर जमलं.

उपचार साधा आहे, लांबचा आहे. आधी श्वास, पोट फुगवून घेतला की तळाची झोळी खाली सैलावते, हे बाईने आरशात स्वतः बघायचं. मग तिचंच बोट, तेल लावून, नखाएवढं. मग चढत्या जाडीच्या सिलिकॉनच्या कांड्या, लहानीपासून. एका कांडीवर कंटाळा येईपर्यंत थांबायचं. पुढची कधी घ्यायची ते तीच ठरवते. या काळात संबंध बंद, आणि हे मी नवऱ्याला बोलावून सांगते. बरेच नवरे घाबरलेले असतात. आपण दुखवतोय हे त्यांनाही कळत असतं, पण कुणाशी बोलणार? काहीजण बाहेर पडताना माझे हात धरतात. मोबाइलवर बघून योनी कसण्याचे व्यायाम करणाऱ्या मुलीही येतात. 1948 मध्ये केगेल नावाच्या डॉक्टरने सांगितलेले ते व्यायाम सैल स्नायूंसाठी आहेत. आवळलेल्याला आणखी आवळून काय मिळणार? आधी सोडायला शिकायचं. या कामातल्या खास फिजिओथेरपिस्ट मुंबईत आहेत, आणि मनावर जुना घाव असेल तर समुपदेशक लागतो. एकटीने सगळं करण्याचा हट्ट मी सोडला.

काही जणींच्या बाबतीत कांड्या देत नाही. जिला रोज जबरदस्तीला तोंड द्यावं लागतं, तिचा स्नायू तिचं रक्षण करत असतो. नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला आपला कायदा अजूनही बलात्कार म्हणत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मात्र लैंगिक छळ येतो, आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. अशा बाईला मी आधी तो पत्ता देते. तिला सैल हो म्हणणं मला पटत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, खटले सोसले, तरी 1953 पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. बाईच्या सुखाचा विचार मराठीत उघडपणे मांडला गेला त्याला शंभर वर्षं होत आली. आणि माझ्याकडे अजून मुली येतात त्या मूल होत नाही म्हणून. तपासण्या, गोळ्या, नवस, आयव्हीएफच्या चौकशा सगळं झालेलं असतं. संबंध होऊ शकतो का, हे एकाही ठिकाणी विचारलेलं नसतं.

सव्वादोनला येणारी त्यांतलीच. लग्नाला तीन वर्षं. कांड्यांचा डबा दिला तर म्हणाली, "बाई, ठेवू कुठे? खोली एक, माणसं सहा, न्हाणीला फळी." पुस्तकांत लिहिलेलं असतं, रोज रात्री निवांत वेळ काढावा. निवांत वेळ म्हणजे आधी एक दार लागतं, हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेलं नसतं. म्हणून डबा माझ्या कपाटात, तिचं नाव न लिहिता, आणि खोली तिची. पंखा लावून ठेवते, चादर धुतलेली. घरी ती सांगते, रक्त वाढायची सुई घ्यायला जाते.

चौथ्या महिन्यात आहे. दुसरी कांडी. गेल्या आठवड्यात दहाव्या मिनिटालाच बाहेर आली, रडली, आज नाही म्हणाली. मी म्हटलं, नाही तर नाही. चहा केला. साळावच्या पुलावरून जाणाऱ्या ट्रकांबद्दल बोललो, तिच्या भावाच्या होडीबद्दल बोललो.

आज चोवीस मिनिटं झाली आहेत. आत पंख्याचा आवाज. मी केसपेपर तारखेप्रमाणे लावून परत काढून परत लावते आहे. दार वाजवायचं नाही.