टोपणाच्या काठावरची बारीक अक्षरं

घड्याळजीचं भिंग हातात आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये! पार्कर ५१ पेनाच्या सोनेरी टोपणाच्या काठाला नुसती खरखर वाटायची, तिथं चक्क मजकूर निघाला: मेड इन यूएसए, १/१० १२ के गोल्ड फिल्ड. अहो, सगळा हिशेबच लिहून ठेवलाय! धातूच्या वजनात दहावा हिस्सा १२ कॅरटचं सोनं, आणि १२ कॅरट म्हणजे निम्मंच सोनं. म्हणजे शुद्ध सोनं भरलं जेमतेम ५ टक्के. बाकी बहुतेक पितळच.

पण हा मुलामा नाही हं. पितळेवर सोन्याचा पत्रा उष्णतेनं आणि दाबानं एकजीव करून मग तो लाटलेला असतो. मुलाम्यापेक्षा हा थर कितीतरी जाड, म्हणून दशकानुदशकं खिशात घासूनही टिकतो. मुलामा आधी उडतो तो क्लिपच्या टोकाशी, जिथं कापड रोज घासतं. भिंगातून तिथं पितळेची हिरवट पिवळी झाक लगेच दिसते. सराफाच्या कसोटीचा इथं उपयोग नाही, कारण दगडावर उमटणार वरचाच थर. ती रेघही सोन्याचीच, वर पेनाला ओरखडा फुकट!

पांढऱ्या धातूंची गंमत तर आणखी न्यारी. दोन पेनं खिडकीपाशी कोऱ्या कागदावर शेजारी ठेवा. क्रोम निळसर, थंड. निकेलला किंचित पिवळट ऊब. एकदा हा फरक दिसला की डोळा तो सोडतच नाही. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला १९२० च्या दशकात. तेव्हा १९१५ च्या पेनावर निळसर चकाकी दिसली, तर तो मुलामा मागाहून चढवलेला, हे नक्की.

चांदी काळी पडते हे आपल्याला देवघरातल्या निरांजनामुळे ठाऊकच आहे. पण एबोनाइटच्या पेनावरची चांदी जास्तच काळवंडते, कारण एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. पेनाचं अंगच चांदीच्या कड्याला काळं करतंय, काय म्हणावं याला!

आणि निबा? त्यांवरचा ५८५ म्हणजे १४ कॅरट, इतकं आता पाठ झालंय. जर्मनीत १९३८ च्या सुमारास निबांसाठी सोनं वापरायला बंदी आली, तेव्हा पेलिकन कंपनीनं पोलादी निबा काढल्या आणि त्यांवर ‘सीएन’ कोरलं, म्हणजे क्रोम-निकेल. सध्या मी त्या दोन अक्षरांच्या मागावर आहे. कुणाकडे अशी निब असेल तर कळवा. नुसती भिंगाखाली बघतो आणि परत देतो!