अहो-जाहोचा मुलूख

माणसाला कसला नाद लागावा याला काही नियम नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी रविवार उजाडला की राजमाची-लोहगड पायाखाली घालतो, कुणी दुसऱ्यांच्या मुलांच्या पत्रिका जुळवीत बसतो. अशा माणसांना समाज 'हौशी' म्हणतो आणि सोडून देतो. पण चाळिशी उलटलेली, महाविद्यालयात ज्ञानेश्वरी शिकवणारी एक बाई कोरियन आणि जपानी मालिकांची भक्त आहे असे कळले, की लोक तिच्याकडे जरा काळजीने पाहू लागतात. आमच्या स्टाफरूममध्ये ही बातमी फुटली त्या दिवशी अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी मला विचारले, "मॅडम, ती सगळी माणसं तुम्हाला वेगवेगळी ओळखू येतात?" मी म्हटले, "तुम्हाला पहिल्या वर्षाच्या वर्गातली मुलं येतात का?" तेव्हापासून तो विषय बंद आहे.

हा नाद मला लावला तो लोकलने. लोणावळ्याहून तळेगावला मी रोज जाते. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी स्टेशने मागे पडत असतात आणि डब्यातल्या कितीतरी मुली माना खाली घालून सोलमधल्या कुणाच्या तरी प्रेमभंगात बुडालेल्या असतात. शेजारणीच्या मोबाइलमध्ये डोकावणे हा प्रवाशाचा जन्मसिद्ध हक्कच आहे. तो मी बजावला आणि अडकले. लोकलने लावलेला नाद पावसाने पक्का केला. पर्यटकांना आमचा पाऊस भुशी धरणावर दिसतो; आम्हांला तो कपाटातल्या साड्यांवर आलेल्या बुरशीत दिसतो. चार महिने संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडायची सोय नाही. अशा वेळी माणसाने दुसऱ्या देशात जावे हेच बरे.

तसे हे वेड जगाला आजच लागलेले नाही. १९८३ च्या एप्रिलपासून पुढचे वर्षभर जपानच्या एनएचके वाहिनीवर रोज सकाळी पंधरा मिनिटे 'ओशिन' नावाची मालिका लागत असे. सुगाको हाशिदा या बाईंनी ती लिहिली होती. २९७ भाग झाले, आणि निम्म्याहून अधिक जपान ती पाहत होता. सात वर्षांची एक पोर. घरात खायला नाही म्हणून एका पोत्याभर तांदळाच्या बोलीवर तिला चाकरीला पाठवतात. बर्फ पडत असताना ती तराफ्यात बसून नदीतून निघते आणि बाप काठावरून रडत राहतो. पुढे साठांहून अधिक देशांतल्या माणसांनी त्या पोरीसाठी डोळे पुसले. भुकेला भाषांतर लागत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध झाले.

जपानी आणि कोरियन मालिकांत मात्र एक फरक मला नेहमी जाणवतो. कोरियन माणूस दुःख झाले की ओक्साबोक्शी रडतो, पावसात उभा राहतो, आणि तेवढ्यात कुणी तरी येऊन त्याच्या डोक्यावर छत्री धरते. जपानी माणूस समोरच्या वाडग्याकडे पाहत राहतो. २००९ साली सुरू झालेल्या 'मिडनाइट डायनर' या मालिकेत टोकियोच्या गल्लीतली एक इवलीशी खानावळ आहे. ती रात्री बाराला उघडते आणि सकाळी सातला मिटते. फळ्यावर पदार्थ एकच. पण गिऱ्हाइकाने मागावे आणि सामान असले तर मालकाने करून द्यावे, असा तिथला रिवाज. कुणी काही मागतो, खाता खाता त्याच्या आयुष्यातली एखादी गाठ आपल्याला दिसते, आणि पंचवीस मिनिटांत भाग संपतो. मालक उपदेश करीत नाही. हे मला फार भावते. आपल्याकडे चहा पाजणारासुद्धा उपदेश केल्याशिवाय कप हातात देत नाही.

भक्त असले तरी मी आंधळी भक्त नाही. कोरियन मालिकांचे दोष मला तोंडपाठ आहेत. नायक बहुधा गडगंज श्रीमंताचा एकुलता एक वारस असतो. नायक-नायिका लहानपणी एकदा भेटलेली असतात आणि ते दोघांनाही आठवत नसते. सगळे सुरळीत होत आले की आडव्या रस्त्याने एक ट्रक येतो. शिवाय कसल्याही संकटात ही मंडळी एका ठराविक दुकानातलेच सँडविच खातात, तेव्हा जाहिरातदाराचा हात पडद्यामागून स्पष्ट दिसतो. पण या सगळ्या दोषांवर पांघरूण घालील असा एक गुण त्यांत आहे : त्या संपतात! बहुतेक सोळा भागांत संपतात. आपल्या 'चार दिवस सासूचे' या मालिकेने तीन हजारांवर भाग घेतले. त्या चार दिवसांना अकरा वर्षे लागली. ती मालिका मीही पाहिली आहे, नावे ठेवीत नाही. पण शेवट ठाऊक असलेल्या लेखकाने सांगितलेली गोष्ट आणि शेवट टाळत राहिलेल्या लेखकाने सांगितलेली गोष्ट, यांत फरक पडतोच.

आता खरी गोष्ट सांगते. मी या मालिका एकटी पाहत नाही. माझ्या सासूबाई बरोबर असतात. वय शहात्तर, शिक्षण मराठी चौथी, जन्म आणि सारा संसार मावळातल्या खेड्यात. गेली काही वर्षे त्या लोणावळ्याला आमच्याकडे आहेत. पहिल्यांदा त्या पडद्यापुढे येऊन बसल्या त्या 'क्रॅश लँडिंग ऑन यू' चालू असताना. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका. दक्षिण कोरियातली एक श्रीमंत मुलगी पॅराग्लायडिंग करताना वावटळीत सापडते आणि सीमेपलीकडे, उत्तर कोरियात, एका लष्करी अधिकाऱ्याच्या पुढ्यात येऊन पडते. सासूबाईंना हे मुळीच नवल वाटले नाही. कामशेतच्या डोंगरावरून ती रंगीत छत्री घेऊन उडणारी शहरी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. "वारं फिरलं की पवनेच्या काठाला पडायचीच," त्या म्हणाल्या. मग त्या खेड्यातल्या बायका एकत्र बसून वर्षाची किमची घालताना दिसल्या आणि सासूबाई पुढे सरकून बसल्या. आमच्या अंगणात उन्हाळ्यात कुरडया घालताना जो कालवा होतो, तोच हा. फक्त मिरची त्यांची जास्त.

प्रश्न आला तो भाषेचा. पडद्याखाली इंग्रजी ओळी येतात. त्या सासूबाईंना वाचता येत नाहीत. हिंदीत आवाज दिलेला एक भाग लावून पाहिला, तर "तोंड एकीकडं आणि बोलणं भलतीकडं" म्हणून त्यांनी तो बंद करायला लावला. तेव्हा ते काम माझ्याकडे आले. मी इंग्रजी वाचायची आणि मराठीत मोठ्याने सांगायचे. वीस वर्षे मराठी शिकवली, पण मराठी किती बारीक भाषा आहे हे मला त्या रात्रींत कळले. कारण इंग्रजी ओळीत नुसते 'यू' असते. ते राजालाही असते आणि रस्त्यावरच्या कुत्र्यालाही. मराठीत तोंड उघडायच्या आधी ठरवावे लागते : तू, तुम्ही की आपण? ही मुलगी या माणसाला अरे म्हणेल की अहो?

कोरियन भाषेत हा प्रश्न आपल्याहूनही कडक आहे. तिथे क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते, आणि मानापमान सगळा त्या शेपटात असतो. वाक्याच्या शेवटी 'यो' आला की बोलणे अदबीचे. तो गळला की सलगीचे, नाही तर अपमानाचे. दोन माणसे जवळ आली की एक दुसऱ्याला रीतसर विचारतो, "आता बोलणं खाली ठेवू का?" म्हणजे अहो-जाहो सोडू का? मुलगी थोरल्या बहिणीला 'ओन्नी' म्हणते, मुलगा 'नूना' म्हणतो. मुलगी थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणते, मुलगा 'ह्योंग' म्हणतो. वडिलांना तर सरळ 'अप्पा'! आमच्या सासऱ्यांना सारे गाव अप्पाच म्हणत असे. पडद्यावर ती हाक आली की सासूबाई अजूनही किंचित वळून पाहतात.

एका रात्री मी नेहमीप्रमाणे ओळी सांगत होते. नायिका नायकाला काहीतरी साधेच विचारत होती, जेवलास का, असे. मी सवयीने 'जेवलात का' म्हटले. सासूबाईंनी मला थांबवले. "तुम्ही नाही, तू म्हण. ती आता 'यो' म्हणत नाही." मी तो तुकडा पुन्हा लावला. खरेच, 'यो' गेला होता. खालच्या इंग्रजी ओळीत काहीही बदललेले नव्हते. दोन जिवांमधले एक कुंपण पडले होते आणि ते इंग्रजी वाचणाऱ्या मला दिसले नाही. इंग्रजी न येणाऱ्या सासूबाईंना ते ऐकू आले.

तेव्हापासून माझे एक ठाम मत झाले आहे. या मालिकांचे आपल्याला वेड लागते ते नायकांच्या गोऱ्या गालांमुळे नव्हे. आपल्या घरांत जे अंतर शतकानुशतके मोजूनमापून ठेवले आहे, कुणाला किती वाकायचे, कुणापुढे पाय पसरायचे नाहीत, तेच अंतर तिथेही आहे. त्या अंतरातून एक पाऊल पुढे टाकायला माणसाला किती बळ लागते, ते त्या गोष्टी दाखवतात. जिथे सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारतात, तिथे या पावलाची किंमत कळायची नाही.

भाषांतराचा आनंदही मिळतो. २०२२ च्या 'एक्स्ट्रॉर्डिनरी अटर्नी वू' मालिकेतली वकील मुलगी आपली ओळख करून देताना म्हणते की, माझे नाव उलटसुलट कसेही वाचा, सारखेच : वू-यंग-वू. आणि तसले आणखी शब्द घडाघडा म्हणते. त्यांत 'इंदोइन' असा एक आहे, म्हणजे भारतीय! इंग्रजी ओळींत ते सारे कोरियन शब्द जाऊन त्यांच्या जागी इंग्रजी शब्द आले. मी सासूबाईंना सांगितले, "चिमा काय कामाची." त्या इतक्या हसल्या की पुढची पाच मिनिटे वाया गेली.

पण एका गोष्टीवर आम्ही दोघी हसलो नाही. कोरियन सून आपल्या आईला 'ओम्मा' म्हणते आणि सासूला 'ओमोनिम'. सासूबाईंनी ते पकडले आणि विचारले, "तू तुझ्या आईला काय म्हणतेस?" "ए आई." "आणि मला?" उत्तर त्यांना ठाऊक होते, वीस वर्षे रोज ऐकत होत्या. "अहो आई." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे. 'अहो'त पण माया असती. तिला जरा लांबून चालत यावं लागतं, एवढंच."

२०२५ साली आलेल्या 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' या मालिकेचे मूळ कोरियन नाव जेजू बेटाच्या बोलीतले आहे. त्याचा अर्थ, 'फार कष्ट केलेत'. प्रमाण कोरियन बोलणाऱ्याला ते 'पुरते फसलात' असे ऐकू येते म्हणतात! इंग्रजीत ते नाव अजिबात टिकले नाही. मी 'आपण अतिशय परिश्रम घेतलेत' वगैरे जुळवीत होते. सासूबाई म्हणाल्या, "लई राबलीस बाई." झाले भाषांतर. गोष्टीतली नायिका समुद्रात बुडी मारून शिंपले आणणाऱ्या बाईची लेक. पाठीवर हवेची नळकांडी नाहीत, नुसता छातीतला दम. जेजूच्या या बायकांची परंपरा युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्या लेकीला कवयित्री व्हायचे असते, आणि होते ती सून. सासरी पुरुषांचे जेवण वेगळ्या मेजावर आणि बायकांचे वेगळ्या. एके दिवशी तिचा नवरा जेवता जेवता बसल्या जागी पाठ फिरवतो आणि बायकोकडे तोंड करून जेवू लागतो. भांडण नाही, भाषण नाही. सासूबाई म्हणाल्या, "परत लाव." मी लावले. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा पाहताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी अप्पांच्या पंगतीला पान घेतले नाही. आधी पुरुष, मग मुले, मग उरेल ते बायका. अप्पा वाईट नव्हते. पाठ फिरवून बसता येते हे त्यांना कुणी दाखवले नव्हते.

यंदा गौरी जेवल्या त्या दिवशी आम्ही सारे गावी होतो. रिवाजाप्रमाणे पुरुषांची पाने मांडायला घेतली, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन म्हणाल्या, "पानं एकदमच मांडा सगळ्यांची. कुणाला पाठ फिरवून जेवायला लावू नका." चुलतदीर गोंधळले. पाठ कोण फिरवणार होते, हे त्यांना कळेना. आणि मी काही सांगितले नाही. पण वडीलधाऱ्या बाईचा शब्द पडला होता, पाने वाढली गेली.

त्या दिवशी मी सासूबाईंना पहिल्यांदा गरम भात खाताना पाहिले.